पहिले तीस सेकंद

त्या काळी माझ्या मोबाइलात दोन बायका नांदत होत्या, एक मॅडम आणि एक काकू, आणि दोघीही मीच होते.

मॅडमकडे पांढरा कोट होता, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, परत करायचा राहून गेलेला. डोळ्यांवर चष्मा होता, त्याला नंबर नव्हता. ती 'नमस्कार शेतकरी बंधूंनो' म्हणायची, 'प्रादुर्भाव' म्हणायची, 'शिफारस केलेली मात्रा' म्हणायची. काकूच्या डोक्यावर पदर होता, एक हात कमरेवर असायचा, आणि तोंड उघडण्याआधी ती नाकावर बोट ठेवून म्हणायची, "मी काय म्हनतो..." त्यापुढे ती जे सांगायची ते ठार चूक असायचं. मग मॅडम यायची, काकूला गप्प करायची आणि खरं काय ते सांगायची. लोकांनी काकूसाठी यावं आणि मॅडमचं ऐकून जावं, असा माझा बेत होता.

मॅडम पुण्याच्या एका टेबलासमोर जन्माला आली. कृषीची पदवी हातात आल्यावर मी एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. आमच्याकडे बायाही 'मी जातो', 'मी करतो' असंच म्हणतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. मी घरून घोकून गेले होते, पण गुलाबी बोंडअळीवर बोलायला लागले आणि रंगात आले. "मी सांगतो ना सर," असं तोंडातून गेलं. टेबलामागच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "विषयाची माहिती छान आहे हं तुम्हाला." त्या 'हं'चा राग मला अजून येतो. मलकापूरला उतरेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की या बाईपेक्षा शुद्ध बोलून दाखवीन, आणि तिला ज्याचं हसू आलं तेच विकून दाखवीन.

मोताळ्याला एका कृषी केंद्रात मला काम मिळालं. औषधविक्रीच्या लायसन्ससाठी पदवी लागते, म्हणून दुकानाच्या लायसन्सला माझी पदवी होती. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, सगळा तालुका त्यांना चाचा म्हणायचा. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की मागच्या गोदामात खताच्या पोत्यांवर मोबाइल उभा करून मी दोघी बायका पाळीपाळीने चित्रित करायची आणि माझ्या पेजवर टाकायची. चाचा दारातून डोकवायचे आणि विचारायचे, "बेटा, आज काकू आली का नाही?" मॅडम आली का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. कोणीच विचारत नव्हतं.

काकू मात्र मी बनवली नव्हती, ती आयती मिळाली होती. आमच्या घराला लागून चुलत्यांचं घर, मधे एकच भिंत. माझी खरी काकू त्या भिंतीपलीकडे राहायची. नाकावर बोट तिचं, कमरेवरचा हात तिचा, 'मी काय म्हनतो' तिचं. शाळा तिने पाहिली नव्हती, पण कपाशीतलं तिला जे कळायचं ते माझ्या पुस्तकात नव्हतं. फुलाची पाकळी गुंडाळलेली दिसली की ती न उघडता सांगायची, आत अळी आहे. मी तिची नक्कल करते हे तिला कळलं तेव्हा मी धास्तावले होते. ती उठली, पेटीतून एक जुनं हिरवं लुगडं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. "माह्यावानी बोलतं तं माह्यावानी दिस बी," म्हणाली. पुढे बाजारात बायका तिला विचारायच्या, फोनमंधली काकू तूच का व? ती मान डोलवायची. आपण बोलत नसून पोरगी बोलते, असं काही तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

आता वाटतं, मला तिथेच उमजायला हवं होतं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला आणि पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, माणसाच्या डोक्याबरोबर वाढली. पाहायला सुरेख, आत सगळी सडकी बोंडं. अळीला मारणारं बीटी बियाणं आलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, आता फवाऱ्याचे पंप भंगारात द्या. काही वर्षं खरंच तसं झालं. मग अळी बीटी पचवायला शिकली, आणि खुंटीला टांगलेले पंप पुन्हा पाठीवर आले. दुकानात माणसं बोंडं खिशात घालून आणायची, काउंटरवर फोडायची आणि त्यातून निघालेली गुलाबी अळी बोटाने माझ्याकडे ढकलायची. म्हणायची, "मॅडम, कडक द्या. दोन लागले तं दोन द्या." दोन औषधं मनाने एकत्र करून मारायचं खूळ त्याच हंगामात पसरलं. मी काउंटरवर रोज ओरडत होते. ओरडणाऱ्या बाईचं आपल्याकडे किती ऐकतात ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मी काकूला बोलावलं. गोदामात लुगडं नेसले, पुढ्यात दोन बाटल्या, बादली आणि पऱ्हाटीची काडी ठेवली, आणि नाकावर बोट ठेवलं.

"मी काय म्हनतो, पाहुना आला तं एकच भाजी करतं का बाप्पा? दोन करतं ना? मंग बोंडअळीले एकच औषध काऊन? हे बाटली अन् थे बाटली, दोन्ही एकाच पंपात. काडीनं ढवळा, झालं. अन् तोंडाले फडकं कायले बांधतं, नव्या नवरीवानी?"

असं ती बोलत राहिली, बादलीत काडी फिरवत राहिली, आणि चांगले पस्तीस सेकंद झाल्यावर मॅडम आत आली. मॅडमने बादली उलटी केली. दोन औषधं एकत्र केली तर अंगात काय होतं, डोक्याबरोबर पिकात फवारा तोंडावर कसा येतो, वारा कुठला पाहायचा, मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, सगळं तिने दीड मिनिटात सांगितलं. मी ते तीन वेळा पाहिलं आणि स्वतःवर खूश झाले. हसवायचं आधी आणि शिकवायचं नंतर, ही माझी रीत होती, आणि ती मला फार हुशारीची वाटत होती.

तो व्हिडिओ माझ्या बाकी सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त फिरला. का फिरला ते मी विचारलं नाही. फिरतोय ना, मग बस.

चारपाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे काकूची सून. माझा चुलतभाऊ तिकडे सुरतेला कंपनीत होता, घरी सासू-सासरे आणि ती. तिला धड बोलता येत नव्हतं. "मामंजी धुऱ्यावर पडले," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी विचारलं, बांधावर? फवारा चालू होता का? हो म्हणाली. मी म्हटलं, कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि बाटल्या फेकू नका, सोबत आणा. मी हे अगदी मॅडमच्या आवाजात सांगितलं. चाचांनी ऐकलं आणि स्वतःच्या गाडीची किल्ली काढली.

मोताळ्याच्या दवाखान्यात काकांना पहिली सुई दिली आणि बुलढाण्याला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी आणि काकू. काका मुळातच कमी बोलणारे, पण ते गप्प असणं वेगळं होतं. तोंडातून लाळ चालली होती, कपाळावरून घाम, दंडाची कातडी आपोआप फडफडत होती. मी पापणी उघडून पाहिली. डोळ्यातली काळी बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. पुस्तकात हे एका ओळीत असतं. राजूर घाट चढताना गाडी प्रत्येक वळणावर झुकत होती आणि काकू एका हाताने स्ट्रेचर धरून बसली होती. दुसरा हात तिने पदराखाली घेतला होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बाटल्या मागितल्या. मी दिल्या, आतलं औषध कुठल्या गटातलं तेही सांगितलं. "तुम्ही कृषीच्या का?" त्यांनी विचारलं. "बरं झालं, बाटल्या आणल्यात. बहुतेक लोक आणत नाहीत." त्या प्रसंगातही मला क्षणभर बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मग ते काकूकडे वळले.

"आजी, ही दोन्ही एकत्र करा म्हणून कोणी सांगितलं?"

काकूने मान वर केली. माझ्याकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही. मग डॉक्टरांना म्हणाली, "कोनी नाही. मीच म्हनलं. मीच ढवळून देल्लं."

त्या एका नजरेत मला सगळं कळलं. डॉक्टर रागावले, त्यांनी रागवावं असंच होतं. काय अंदाजाने औषधं करता, माणूस जीवानिशी जातो, आता उद्यापर्यंत मला काही सांगता येणार नाही, असं बोलले. काकू ऐकत उभी राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं आणि मी ते गिळलं.

दुपारी वहिनी आली तेव्हा मी तिचा फोन मागून घेतला. तिच्याकडे साधा नेट पॅक होता, ती माझं पेज कधी पाहतच नव्हती. गावातल्या कोणीतरी माझा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला होता. तिने तो त्यांच्याकडून मागून घेतला, सासूला दाखवायला. तेव्हा स्टेटस तीस सेकंदांचंच असायचं. पुढचं आपोआप कापलं जायचं. वहिनीच्या फोनमध्ये पाहुणा होता, दोन भाज्या होत्या, दोन बाटल्या, बादली आणि काडी होती. मॅडम नव्हती. ती आत यायच्या आधीच पडदा पडला होता. मी भिंतीपलीकडे राहत होते आणि माझं बोलणं साऱ्या तालुक्यात फिरून, अर्धं होऊन, त्या घरात गेलं होतं.

"आत्याबाईनं रोज सकाळी पाह्यलं," वहिनी म्हणाली. "लय खूश होत्या."

मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन तो व्हिडिओ पेजवरून काढून टाकला. आणखी कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला फसवायला मी पहिल्यापासून हुशार आहे. खरं कारण असं होतं की मला भीती वाटत होती. लायसन्सला माझी पदवी होती. पेज माझ्या तोंडाचं होतं. पुण्याच्या त्या टेबलाने जे दिलं नाही ते मी दोन वर्षं खताच्या पोत्यांवर बसून मिळवलं होतं, आणि एका वाक्याने ते जाणार होतं. पण काका गेले तर? तर मी हे वाक्य जन्मभर गिळून बसणार होते का?

दुसऱ्या दिवशीही काका डोळे उघडत नव्हते. नातलग यायला लागले. आमच्यात दवाखान्यात भेटायला आलेला माणूस आधी रुग्णाला पाहतो आणि मग दोष कोणाचा ते पाहतो. माझे वडील एरवी भावजयीला नावाने हाक मारायचे नाहीत, इतका मान. ते व्हरांड्यात सगळ्यांसमोर काकूकडे हात करून म्हणाले, "हिनंच घात केला. बाईच्या हातानं कोनी औषध कालवतं का?" कोणी मावशी म्हणाली, "फोन पाहून पाहून डोकं फिरलं तिचं." काकू भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. मी पाण्याची बाटली आणायला गेले, चहा आणायला गेले, गोळ्या आणायला गेले. त्या दिवशी मी जितकी कामं केली तितकी आयुष्यात केली नसतील.

त्यातच फोन आला. तालुक्याला शेतकरी मेळावा होता, त्याचे संयोजक बोलत होते. "मॅडम, तुमचं दहा मिनिटं मार्गदर्शन ठेवलंय. थोडं मनोरंजन, थोडी माहिती. काकूलाही आणा बरं का. पण मर्यादेत, मोठे साहेब आहेत." मी व्हरांड्यात उभं राहून म्हटलं, "नक्कीच सर, आभारी आहे." शब्द असे सफाईदार निघाले जणू आत एक यंत्र बसवलं होतं. वळले तर काकू माझ्याकडे पाहत होती.

"कोनाचा फोन?"

"कामाचा."

"जाजो मंग," ती म्हणाली. "काम नोको सोडू."

तिच्याशेजारी बसले तेव्हा पदर सरकला आणि मला तिचा उजवा हात दिसला. मनगटापर्यंत लाल, बोटांच्या मधे फोड, काही फुटलेले. माझ्या बादलीतल्यासारखी काडी तिनेही फिरवली होती, आणि काडी पुरेना तेव्हा हात घातला होता. दीड दिवस तो हात तिने कोणाला दाखवला नव्हता. मी तिला ओढतच खाली नेलं, नर्सला दाखवलं, पट्टी बांधून घेतली. ती एवढंच म्हणाली, "त्याहिले पाह्य पह्यले. माह्या हाताचं काय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोताळ्याला गेले. काकांची तब्येत तशीच होती, पण दुकान हंगामात माझ्याशिवाय उघडं ठेवणं चाचांना जड जात होतं. असं मी सांगितलं सगळ्यांना. खरं म्हणजे काकूच्या शेजारी बसवत नव्हतं.

दहाच्या सुमाराला एक शेतकरी आला, चाळिशीचा, ओळखीचा नव्हता. संग्रामपूरकडून बहिणीकडे आला होता. त्याने काउंटरवर फोन ठेवला आणि हसत म्हणाला, "ताई, हे काकूवालं द्या. दोन्ही बाटल्या. घरी चार एकर आहे, दोन गडी लावले फवाऱ्याले."

फोनवर हिरवं लुगडं होतं. मी काढून टाकलेला व्हिडिओ, तीस सेकंद, नाकावर बोट.

मी म्हटलं, हे चूक आहे, हे असं करायचं नाही. तो आणखी हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. "काऊन ताई, तुमीच तं सांगून राह्यल्या यात. आवाज तुमचाच ना?" मी म्हटलं, भाऊ, हे पुरं नाही, याच्यापुढे दुसरं आहे. "असन," तो म्हणाला, "पन आमच्या साऱ्या गावात एवढंच आलं."

सारं गाव. दोन गडी. मी ओरडले त्याच्यावर. बाटल्या देणार नाही म्हटलं, दुसऱ्या दुकानातून घेतल्या तर तुमच्या गड्यांच्या बायकांना तोंड दाखवायला तयार राहा म्हटलं, माझे काका तीन दिवसांपासून बेशुद्ध आहेत म्हटलं. शेवटचं वाक्य ऐकल्यावर त्याचं हसू गेलं. दुकानात आणखी तीन-चार माणसं होती, ती काउंटरजवळ सरकली.

चाचा गल्ल्यावरून उठून आले. "बेटा, हे काय बोलून राह्यला हा माणूस?"

मी त्यांना सांगितलं, सगळ्यांसमोर. पहिल्यांदाच. चाचांनी माझी समजूत काढली नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील तुझी काय चूक, तू तर पुरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "जो पहले बोलला, तोच लोकांच्या ध्यानात राहतो बेटा. नंतरचा कोण ऐकतो. आता पहले तू बोल."

"दुकानाचं नाव येईल, चाचा."

"येऊ दे. नाव काय मरून राह्यलं का?"

मी गोदामात गेले. कोट खुंटीला होता, लुगडं पिशवीत होतं. दोन्हीला हात लावला नाही. आहे त्या सलवार-कमीजवर, चष्मा न लावता, पोत्यांपुढे उभी राहिले. घड्याळ लावून चार वेळा बोलून पाहिलं. पहिल्यांदा एक मिनिट झालं, कारण मी कारणं सांगत होते. दुसऱ्यांदा पन्नास सेकंद. कारणं काढत गेले तसा वेळ कमी होत गेला. शेवटी सव्वीस सेकंदात बसलं.

"मी काकू नाही अन् मॅडम बी नाही. मी माह्या काकूचं सोंग घेऊन दोन औषधं एका पंपात टाका म्हनलं. ते चूक होतं. ते आयकून माह्या काकूनं ढवळलं, अन् काका दवाखान्यात बेशुद्ध आहेत. चूक काकूची नाही, माही आहे. दोन औषधं एकत्र करू नका. तोंड बांधा. हे सव्वीस सेकंद आहेत, पुरे ठेवा स्टेटसले. मी हात जोडतो."

पुण्याच्या टेबलासमोर जे चुकून बोलले होते ते मी त्या दिवशी मुद्दाम बोलले. व्हिडिओ टाकला, आणि पोत्यावर बसून वाट पाहिली.

पहिल्या दहा मिनिटांत हसरी तोंडं आली. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसणारी ती पिवळी तोंडं, एकाखाली एक. 'एक नंबर ॲक्टिंग.' 'ताई, काकू कुठी गेली?' 'आज मेकअप नाही का?' मी वाचत गेले. दोन वर्षं मी या लोकांना शिकवलं होतं की माझं तोंड दिसलं की हसायचं. ते शिकले होते. त्यांच्यावर रागावायचा मला हक्क नव्हता, तरी मी रागावले, फोन पोत्यावर आपटला आणि रडले.

तासाभराने सूर बदलला. काउंटरवरचा तो संग्रामपूरचा माणूस, त्यानेच खाली लिहिलं होतं: 'मी दुकानात होतो. बाई खरं बोलून राह्यली. हासू नका.' त्यानंतर लोक गंभीर झाले, मग चिडले. शिव्या आल्या, पदवी कुठून विकत घेतली ते विचारलं गेलं. संयोजकांचा निरोप आला की यंदा वेळेअभावी आपलं मार्गदर्शन ठेवता येत नाही. पण तेच सव्वीस सेकंद स्टेटसला दिसायला लागले, आधी ओळखीच्यांच्या, मग ज्यांना मी ओळखत नव्हते त्यांच्या. कोणी कापले नव्हते. कापण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दुपारी वहिनीचा फोन आला. मी तो बराच वेळ वाजू दिला. काकांनी डोळे उघडले होते. पाणी मागितलं होतं, आणि पंप कुठे ठेवला असं विचारलं होतं.

मी मिळेल त्या गाडीने बुलढाण्याला पोचले. काका उशीला टेकून होते, चेहरा निम्मा झालेला. माझे वडील पायथ्याशी बसले होते. त्यांनी व्हिडिओ पाहिला होता, मला पाहून ते उठून बाहेर गेले. जाताना दारात काकूजवळ थांबले, काहीतरी म्हणायला गेले आणि तसेच निघाले. काकू स्टुलावर बसली होती, पट्टीचा हात मांडीवर. तिला अजून कोणी काही दाखवलं नव्हतं.

मी तिच्यासमोर फोन धरला. तिने एकदा ऐकलं. "आनखी लाव," म्हणाली. पुन्हा ऐकलं. मग फोन माझ्याकडे परत केला आणि काकांच्या अंगावरची चादर सारखी करत बसली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, डॉक्टरनं इचारलं तवा तू माहं नाव काऊन नाही घेतलं? मी बाजूलेच उभी होतो. सारे तुलेच बोलून राह्यले होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. खरोखर न समजल्यासारखं.

"कोनाचं नाव घेऊ व बाई? बोलनं माहं. बोट माहं. लुगडं बी माहंच. मले वाटलं, मीच कवा तरी असं म्हनलं असन, अन् आता आठवून नाही राह्यलं."

काकांनी डोळे मिटले होते, पण ते ऐकत होते. मी तिच्या पट्टीच्या हाताला हात लावला. तिने तो काढून घेतला नाही, धरलाही नाही.

मग म्हणाली, "थे लुगडं धुवून वापस आनून देजो."